दोरीवरच्या चित्रकथा: प्रकल्प नोंदी, जानेवारी ते सप्टेंबर २०२५

जागा: मालवण तालुक्यातलं एक लहान वाचनालय. कामं तीन. कपाटातल्या जुन्या चित्रकथा लोकांच्या हातात देणं, गावात चित्र काढणाऱ्यांकडून नव्या करून घेणं, आणि त्या छापून, विकून चित्रकाराच्या हातात पैसे ठेवणं. तिसरं काम सुटलं तर पहिली दोन फार दिवस टिकत नाहीत, म्हणून हिशेबाच्या नोंदी जरा लांब आहेत.

१२ जानेवारी, रविवार

कपाट आणि माळ्यावरची दोन खोकी मोजली. एकूण १८६ अंक. त्यात इंद्रजालचे मराठी अंक (ही मालिका १९६४ ते १९९० चालली, इथल्या साठीतल्या वाचकाला ‘वेताळ’ (फँटम) म्हटलं की लगेच कळतं), १९६७ पासूनची अमर चित्रकथा, आणि १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झालेल्या चिंटूचे संग्रह. वापरता येतील असे ११८, दुरुस्तीचे ४१, टाकायचे २७.

टाकण्याचं कारण बहुतेक ठिकाणी एकच: लोखंडी पिना. खाऱ्या हवेत पिन गंजते, गंज कागदात उतरतो आणि मधलं जोडपान पिनेच्या भोकापासून फाटत जातं. पिना ओढून काढायच्या नाहीत. आतल्या बाजूचे दोन्ही पाय बोथट चाकूने सरळ करायचे आणि मग बाहेरून हलकेच उचलायच्या.

कसर लागलेले अंक जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद केले. आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर, दोन आठवडे राहतील. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडायची नाही, नाहीतर थंड कागदावर दव धरतं आणि बुरशीला आयतं निमंत्रण मिळतं. मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्येही जागा मिळत होती. वासाचा विचार करून नको म्हटलं.

१९ जानेवारी, रविवार

दाखल नोंदवहीत सगळ्या चित्रकथा ‘बालवाङ्मय’ खाली चढवलेल्या होत्या, त्यामुळे मोठी माणसं त्या कपाटाकडे फिरकतच नाहीत. ‘चित्रकथा’ असा वेगळा विभाग केला. दशांश वर्गीकरणात त्याला ७४१.५ हा आकडा आहे, तो कोपऱ्यात लिहिला.

दुसरी अडचण कण्याची. ३२ पानी अंकाला कणाच नसतो, फळीवर उभा केला की तो दिसत नाही. मुखपृष्ठ समोर यायला हवं. म्हणून भिंतीवर दोऱ्या आणि लाकडी चिमटे. सुंभ वापरून पाहिला, पण त्याचा तूस पानांवर झडतो आणि भिजला तर तपकिरी डाग सोडतो. जाळ्याच्या दुकानातली ४ मिमी नायलॉनची दोरी बरी. खालची दोरी जमिनीपासून ९० सेंमी, वरची १४० सेंमी. दोन मीटरच्या दोरीवर आठ अंक राहतात. नववा लावला की दोरीला झोळ पडून सगळे मधे सरकतात. अंक पिनेवर टांगायचा नाही, वरच्या कडेला दोन चिमटे लावायचे.

२ फेब्रुवारी, रविवार

वाचनालयाबाहेर चार ठिकाणी प्रत्येकी एक दोरी, सहा अंक. दोन आठवड्यांनी काय होतं ते पाहायचं.

९ फेब्रुवारी, रविवार

पिंगुळीला भेट, कुडाळजवळ. ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा इथली. परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला तेव्हापासून बाहेरची माणसं तिकडे वळली, पण जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांना ती अजून ‘जुनी चित्रं’ एवढीच माहीत आहे.

कामापुरतं टिपण: एका कथानकाच्या सुट्या चित्रांचा संच म्हणजे पोथी. सांगणारा एकेक चित्र समोर धरतो आणि रामायण-महाभारतातला प्रसंग गाऊन सांगतो. चित्रात अक्षर नाही, शब्द सगळे त्याच्या तोंडी. चित्र बदलायचं केव्हा, हाच या कलेचा कणा. चित्रकथेत चौकट बदलायची केव्हा, हा प्रश्नही तोच. कार्यशाळेचा पहिला तास यावरच बेतायचा.

पोथ्यांतल्या चित्रांच्या नकला आपल्या पुस्तिकेत छापायच्या नाहीत, हे तिथेच ठरवलं. त्या घराण्यांच्या आहेत. मुलांना दाखवायला तिथल्या कलाकारांनाच मानधन देऊन बोलवायचं.

१६ फेब्रुवारी, रविवार

चार दोऱ्यांचा निकाल. एसटी स्टँड: सहापैकी एक अंक शिल्लक. तिथे बघणारं कोणी नाही, बंद. जेटी: अंक कोणी नेले नाहीत, वाऱ्याने चिमट्यासकट उडवले. गिरणी: वाचक भरपूर, पण पिठाने पानं चिकटतात, जुने, टाकाऊ अंकच ठेवायचे. केशकर्तनालय: सहाही जागेवर आणि पानं मऊ पडेस्तोवर वाचलेले. थांबणं वीस मिनिटांचं, हात रिकामे, मालक समोर उभा. यापुढे चांगल्या अंकांच्या दोऱ्या सलूनमध्येच. दोन ठरली.

२३ फेब्रुवारी, रविवार: कार्यशाळा १

दहावीची परीक्षा सुरू आहे, म्हणून पाचवी ते नववी आणि मोठी माणसं. एकूण १९ जण, त्यांत सात प्रौढ.

२० जणांचं साहित्य: १५० जीएसएमचे (चौरस मीटरला १५० ग्रॅम) ए४ कार्ट्रिज कागद ६० (माणशी दोन आणि चुकीला एक), फिकट निळ्या पेन्सिली २०, पाण्याने न पसरणारी ०.५ मिमी टोकाची काळी पेनं २०, ०.८ ची ५, फूटपट्ट्या १०, पांढरा पोस्टर कलर एक बाटली. जेल पेन घेऊन आलेल्यांना ते बाजूला ठेवायला सांगितलं: घामाच्या हाताने पसरतं, आणि इथे हात कोरडा असतो कधी! निळी पेन्सिल खोडायची गरज नाही, काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये ती उतरत नाही.

क्रम असा ठेवला. (१) एक प्रसंग चार चित्रांत, शब्द अजिबात नाहीत. शेजाऱ्याने तो मोठ्याने सांगायचा. शेजारी अडखळला तर तिथे चित्र कमी पडतं. (२) चारांतलं एक काढून टाकायचं. तरी समजलं तर ते नकोच होतं. (३) आता संवाद, एका चौकटीत जास्तीत जास्त १५ शब्द. (४) कागदावर आधी अक्षरं, मग त्याभोवती फुगा, चित्र सगळ्यात शेवटी.

चौथी पायरी सगळ्यांनी मोडली. चित्र आधी पूर्ण केलं आणि फुगा उरलेल्या कोपऱ्यात कोंबला. ‘आवशीन सांगल्यान हा’ एवढं वाक्य चार ओळींत मोडून शेवटचा ‘हा’ चौकटीबाहेर. दुसरी नेहमीची चूक: आधी बोलणारा उजवीकडे. आपण डावीकडून वाचतो, त्यामुळे उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जातो. पात्रांची जागा फुग्यांच्या क्रमावरून ठरते, उलट नाही.

टीव्हीवरची पात्रं घेऊन केलेल्या गोष्टी सहा. सरावाला हरकत नाही, छापता येणार नाहीत. हे पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवं होतं, दोन मुलं हिरमुसली.

९ मार्च, रविवार

शिमग्याची तयारी. कोणी येणार नाही, बोलावलंही नाही.

२३ मार्च, रविवार: अक्षरं

सगळा दिवस अक्षरांत गेला आणि तो जायलाच हवा होता. चित्र कच्चं असलं तर वाचक चालवून घेतो, पण अक्षर लागलं नाही तर पान उलटतो.

मूळ पान ए४, छपाई ए५. म्हणजे सगळं ७१ टक्क्यांवर येतं. मूळ अक्षराची उंची शिरोरेघेपासून खाली ५ मिमी ठेवली तर छापील साडेतीन मिमी येते. त्याखाली जायचं नाही. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार लागतो, म्हणून ५ मिमी अक्षराला ओळ १० मिमीची. इंग्रजी चित्रकथा पाहून ओळी जवळ घेतल्या की काय होतं याचा नमुना ‘कुर्ल्या’ (खेकडे). उकारही आहे, रफारही आहे. ही दोन ओळींत एकाखाली एक आली तर वरच्या ‘कु’चा उकार खालच्या ‘र्ल्या’च्या रफारात घुसतो आणि दोन्ही वाचता येत नाहीत. कुर्ल्यांची गोष्ट असल्याने हा शब्द पानावर नऊ वेळा होता.

०.८ च्या पेनाने लिहू नये. लहान करताना पोकळी भरते आणि ‘भ’चा ‘म’ होतो. ‘भात’ मागितला, ‘मात’ मिळाली. अक्षराला ०.५, आवाजाला (धपाक, सळसळ) ०.८.

मालवणीचं शुद्धलेखन हा वादाचा भाग. खय की खंय, म्हायत की म्हाईत, व्हया की होया? गावागणिक बोलणं वेगळं, लिहिण्याची सवय कोणालाच नाही. ठरलं ते असं: एका गोष्टीत एका पात्राचं एकच रूप. नाकातला उच्चार ऐकू येत असेल तर अनुस्वार द्यायचा. प्रत्येक चित्रकाराने आपल्या शब्दांची यादी पानामागे लिहायची. तपासणाऱ्याने ती यादी पाहायची, प्रमाण मराठी नव्हे. निवेदनाच्या पट्ट्या प्रमाण मराठीत, फुगे मालवणीत, हे वाचायला सोपं जातं.

संगणकावर अक्षरं टाकणाऱ्या दोघांना ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे मोफत युनिकोड टंक (फॉन्ट) दिले.

६ एप्रिल, रविवार: फुकट वाटायचं पान

एका ए४ कागदाची आठ पानी घडी. कागद आडवा, चार उभे रकाने, दोन ओळी. खालच्या ओळीत डावीकडून ८, १, २, ३. वरच्या ओळीत डावीकडून ७, ६, ५, ४, पण उलटी, डोकं खाली. मधल्या आडव्या घडीवर फक्त मधले दोन रकाने कापायचे, म्हणजे १ आणि ६ च्या मधून, २ आणि ५ च्या मधून. लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकलली की पुस्तिका उभी राहते. छपाई एकाच बाजूला, पिन नाही, गोंद नाही. पान ७४ बाय १०५ मिमीचं. दोनपेक्षा जास्त चौकटी बसत नाहीत.

कुठे चुकतं: कापताना कडेपर्यंत कात्री गेली की दोन पट्ट्या हातात. घडी घालून, दुमडलेल्या बाजूने, पहिल्या खुणेपर्यंतच कापायचं.

३०० प्रती, प्रती दीड रुपया, ४५० रुपये. आठव्या पानावर वाचनालयाचा पत्ता आणि ठिकाणानुसार वेगळ्या रंगाचा शिक्का, म्हणजे कुठलं पान माणूस घेऊन आलं ते कळेल.

२० एप्रिल, रविवार: पुस्तिका १ ची छपाई

१६ पानं, चार ताव. मुखपृष्ठाचा ताव १७० जीएसएम, आतले तीन ८० जीएसएम. तावाच्या एका बाजूच्या दोन पानांची बेरीज नेहमी १७ यायला हवी: १६-१ आणि २-१५; १४-३ आणि ४-१३; १२-५ आणि ६-११; १०-७ आणि ८-९. बेरीज चुकली तर मांडणी चुकली, दुसरी तपासणी लागत नाही. गोष्टींना ३ ते १४ ही बारा पानं. चार चित्रकार, पानं ५, ३, २, २.

स्कॅन ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), फक्त काळं-पांढरं. पेन्सिलीची छटा दिलेलं एक पान चिखल होऊन आलं. ती छटा आडव्या रेघांनी पुन्हा करून घेतली. झेरॉक्स यंत्र कडेचे चार-पाच मिमी छापत नाही, म्हणून कडेपर्यंत चित्र नेण्याचा हट्ट सोडायचा. छापील पानावर चारी बाजूंनी १० मिमी मोकळे.

झालेले घोटाळे दोन. एक, दुकानातल्या संगणकावर जुने टंक होते आणि फाइल उघडताच मजकुराची खिचडी झाली. यापुढे फक्त पीडीएफ द्यायची, टंक आत बसवलेली. दोन, दोन्ही बाजूंच्या छपाईत कागद लांब कडेवर पलटला गेला आणि मागची पानं उलटी आली. आडव्या तावाला आखूड कडेवर पलटायचं असतं. ४० ताव वाया, १२० रुपये. आधी एकच संच काढून, दुमडून, पान पान वाचून मगच बाकीचे. हे ठाऊक असूनही घाई केली.

शिलाई दोऱ्यानेच. साध्या स्टेपलरचा हात मधल्या घडीपर्यंत पोचत नाही आणि पिनेचं पुढे काय होतं ते जानेवारीत पाहिलंच आहे. घडीवर तीन भोकं: एक मधोमध, दोन वरच्या-खालच्या कडेपासून साडेतीन सेंमीवर. मेण लावलेला गोधडीचा दोरा ४५ सेंमी. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्यातून आत, मधलं सोडून खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना दोन टोकं घेऊन गाठ. सरावल्यावर तासाला २० प्रती होतात.

प्रतीचा खर्च: आतले ताव ९, मुखपृष्ठ ६, दोरा-मेण १, एकूण १६ रुपये. १५० प्रती, २,४०० रुपये. किंमत ४०. त्यात दुकानदाराला ६, चित्रकारांना १८, म्हणजे प्रत्येक विकल्या प्रतीमागे पानाला दीड रुपया.

प्रत्येकाकडून एका पानाचा कागद सही करून घेतला: हक्क चित्रकाराचाच, वाचनालयाला याच आवृत्तीच्या १५० प्रतींपुरती परवानगी. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही.

३ मे, शनिवार

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी अमेरिकेत २००२ पासून फुकट कॉमिक वाटण्याचा दिवस पाळतात. तिथे त्या प्रती दुकानदार प्रकाशकांकडून विकत घेतो, म्हणजे फुकट फक्त वाचकाला. आपल्याकडे तारीख आयती जुळते: चाकरमानी घरी, आंबा उतरणीला, मुलांना सुट्टी. फुकट द्यायचं ते आठ पानी घडीचं पान, पुस्तिका मात्र ४० रुपयांनाच. पुस्तिका फुकट वाटली असती तर पुढच्या अंकाला कोणी ४० दिले नसते.

मांडव नाही, उद्घाटन नाही. वाचनालयाच्या पडवीत टेबल, एका बाजूला चित्रकार बसून नाव घालून देतात. सकाळी ९ ते १ आणि ४ ते ७. दुपारी कोणी येत नाही. सुटे पैसे ५०० रुपयांचे, त्यांत दहाच्या नोटा जास्त. टेबलावर ६१ प्रती गेल्या.

८० पानं एका आंबा बागायतदाराने मुंबईला जाणाऱ्या पेट्यांत घातली. गवतात ठेवलेली चिकाने डागाळली, पेटीच्या उष्म्याने लोळागोळा झाली. झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावलेली चांगली पोचली.

११ मे, रविवार: हिशेब

विक्रीला १३६ (चित्रकारांना प्रत्येकी ३, वाचनालयाला २ प्रती वगळून). विकल्या ९७: टेबलावर ६१, दुकानांतून ३६. जमा ३,८८०, दुकानदारांचे २१६ वजा, उरले ३,६६४. चित्रकारांना १,७४६: पाच पानांचे ७२७.५०, तीनचे ४३६.५०, दोनचे प्रत्येकी २९१. उरलेले १,९१८ छपाईला. ४८२ रुपये अजून फिटायचे.

चित्रकारांचे पैसे आठव्या दिवशी पाकिटात, विकल्या प्रतींच्या आकड्यासह दिले. छपाईचं देणं थांबवता येतं, हे थांबवायचं नाही. ज्याला २९१ रुपये वेळेवर मिळाले त्याने त्याच संध्याकाळी पुढच्या चार पानांचा कच्चा आराखडा आणून दिला.

२६ मे, सोमवार

पाऊस कालच जिल्ह्यात दाखल, नेहमीपेक्षा बराच आधी. बाहेरच्या दोऱ्या उतरवल्या. ३९ शिल्लक प्रतींपैकी ३४ झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, सिलिका जेलची पाकिटं घालून. भिंतीला टेकून ठेवलेल्या पाच आधीच पाघळल्या होत्या.

१३ जुलै, रविवार

पावसातली छपाई वेगळी. उघडं रीम रात्रभर राहिलं की कागद दमट होतो, यंत्रात वळतो, अडकतो आणि काळा भाग ठिपक्या ठिपक्यांनी उतरतो. रीम छपाईच्या वेळीच फोडायचं, उरलेलं लगेच पिशवीत बांधायचं. चित्रकारांना सांगितलं: मोठे काळे भाग टाळा, रात्र दाखवायची तर रेघांनी दाखवा.

१७ ऑगस्ट, रविवार

पुस्तिका २ छापून तयार. २०० प्रती, पाच चित्रकार. चतुर्थी २७ तारखेला, चाकरमानी दोन दिवस आधीपासून उतरतील. त्याआधी सलून, किराणा आणि फुलवाला अशा पाच ठिकाणी प्रत्येकी १५. जास्त ठेवल्या तर गठ्ठा पोत्याखाली जातो; १५ संपल्या की दुकानदार स्वतः फोन करतो.

१४ सप्टेंबर, रविवार

दुसऱ्या अंकाच्या १३९ विकल्या, चित्रकारांना २,५०२ दिले. पहिल्याच्या ३४ पैकी २८ गेल्या, त्या चित्रकारांना आणखी ५०४. पहिल्या अंकाचं देणं फिटून ७४ रुपये वर.

शिक्के मोजले: ३०० पानांपैकी ४१ माणसांबरोबर परत आली. सलूनची १९, आंब्याच्या पेटीची ११ (सगळी गणपतीत), बाकी इकडची तिकडची.

पुस्तिका ३ ची मुदत ३० नोव्हेंबर. बारापैकी नऊ पानं ठरली. तीन पानं एका दशावतारी कलाकाराला राखून ठेवली आहेत, रंगभूषा कशी चढते ते तो चित्रांत करून देणार आहे. कच्चं काम ऑक्टोबरअखेर हातात हवं. जत्रा सुरू झाल्या की तो रात्री रंगमंचावर आणि दिवसा झोपेत.